बॉम्बे मांजर : नाव आणि मूळ

आमच्या डोकमर्डीत काळे मांजर आडवे गेले की अजूनही काही जण थबकतात. याच काळ्या रंगासाठी मांजराची एक खास जात निर्माण करण्यात आली व तिला ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. साहजिकच ही जात मुंबईची असावी असे वाटते. परंतु तिचा जन्म अमेरिकेतील केंटकी राज्यात, लुईव्हिल या शहरी झाला. वर्गात आनुवंशिकता शिकविताना मी तिचे उदाहरण देतो.

निकी हॉर्नर या मांजरपालक बाईंना भारतातील काळ्या बिबट्याची छोटी प्रतिकृती घरात हवी होती. जातीचे नावही त्यावरूनच पडले. १९५० च्या दशकात त्यांनी गडद तपकिरी बर्मीज आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांचा संकर सुरू केला. पहिले प्रयत्न फसले. अखेर तुकतुकीत काळे केस आणि तांब्याच्या रंगाचे डोळे असलेली जात सिद्ध झाली. १९७६ साली कॅट फॅन्सियर्स असोसिएशनने तिला प्रदर्शनातील अजिंक्यपदासाठी मान्यता दिली.

आता रंगाचे गणित पाहू. बर्मीजचा तपकिरी रंग म्हणजे वस्तुतः फिकट झालेला काळाच होय. रंगद्रव्य तयार करणारे त्याचे जनुक मंद असते आणि ते अप्रभावी असते. म्हणून संकराची पहिली पिढी काळी होते, पण मंद जनुक तिच्यात दडून राहते. अशा दोन मांजरांच्या पिल्लांत सरासरीने तीन काळी व एक तपकिरी, हे मेंडेलच्या वाटाण्यांचेच प्रमाण दिसते. आजही दोन काळ्याभोर बॉम्बे मांजरांना मधूनच तपकिरी पिल्लू होते, ते यामुळेच. पिल्लाच्या रंगावरून त्याचे बर्मीज पूर्वज ओळखता येतात.

काळा बिबट्याही निराळा प्राणी नव्हे. आपल्या कन्नड मित्रांच्या दांडेलीच्या रानात तो आढळतो. दोन ठिपकेवाल्या बिबट्यांच्या पोटी काळा बछडा जन्मू शकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बिबट्याचा काळा रंग ‘अगुटी’ नावाच्या जनुकातील बदलाने येतो. घरगुती मांजराचा काळा रंगही त्याच जनुकातील, परंतु स्वतंत्रपणे घडलेल्या बदलाने येतो. बाईंनी केवळ दिसण्यावरून केलेली तुलना अशी जनुकापर्यंत खरी ठरली.

आपल्या गल्लीतील काळे मांजरही याच नियमाने काळे झालेले असते. त्याला दगड मारण्यापूर्वी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी एवढे आठवावे.