जमिनीखालचा सामाईक हौद

“विहीर ज्याची, पाणी त्याचे,” असे वर्गातील मुले सांगतात. आपल्या बिदरच्या पठारावर हे उत्तर चुकते. पायांखाली सच्छिद्र जांभा दगड आहे; त्याखाली काळा पाषाण. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते व काळ्या पाषाणावर बरेचसे अडून राहते. हा साऱ्या वस्तीचा एकच हौद होय.

बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकात, नौबाद येथे इराणी पद्धतीचे भुयार खोदले गेले, ते याच पाण्यासाठी. त्यास करेझ म्हणतात. मंद उतारामुळे त्यातील पाणी मोटेवाचून वाहते. वर हवेसाठी उभ्या विहिरी आहेत. भुयारात झिरपेल तेवढेच पाणी येते. विंधनविहिरीस हा लगाम नाही. एकाने अति उपसा केला, की शेजाऱ्याची विहीर आटते.

मीही पूर्वी भर दुपारी बागेत पाणी मोकळे सोडीत असे. एका उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीचा तळ दिसला, तेव्हा माझे डोळे उघडले.

म्हणून मैलूरच्या बंधुभगिनींनी तीन गोष्टी पाळाव्यात. झाडांस संध्याकाळी, आळ्यातच पाणी घालावे व वर पाचोळा पसरावा. छपरावरील पावसाचे पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडावे. करेझच्या हवाविहिरींत केरकचरा टाकू नये.

हौद सर्वांचा आहे. राखणही सर्वांनीच करावयाची आहे.