बीजदोष आणि सिकलसेल : एक चिंतन

सुश्रुताचार्यांनी व्याधींचे वर्गीकरण करताना आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे दोन भेद सांगितले. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग आणि बीजभागावयव असा सूक्ष्म विचार केला. या पदांचे गुणसूत्र व जनुक यांच्याशी थेट समीकरण मांडण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस ती घाई वाटते. परंतु बीजातील ज्या अंशाची दुष्टी, त्याच अवयवाची अपत्यात विकृती, हा सिद्धान्त आजच्या आनुवंशशास्त्राच्या निकट जातो, यात शंका नाही.

मुक्ताईनगर परिसरात केळीच्या कापणीसाठी सातपुड्यातून मजूर कुटुंबे येतात. त्यांतील एका पावरा कुटुंबातील नऊ वर्षांचा मुलगा सांधेदुखी, पांडुता व नेत्रपीतता घेऊन आमच्याकडे आला. आम्ही आमवात समजून लंघन व स्वेदन योजले, जोडीला लोहकल्प दिले. चार महिने उपशय नाही. उलट ऐन वैशाखात वेदनांचा वेग वाढला. अखेर रक्ततपासणीत सिकलसेल आढळला. निदान आमचेच चुकले होते.

या व्याधीत हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकाने प्राणवायू कमी होताच रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म स्रोतसे अडवतात व अकाली नष्ट होतात. शरीरातील जलांश घटला की हे अधिक घडते. म्हणून अशा रुग्णास लंघन, तीव्र स्वेदन व विरेचन देताना अत्यंत सावध राहावे. पांडुता दिसली म्हणून लोह देऊ नये. लोहाची न्यूनता तपासून सिद्ध झाली तरच द्यावे. प्लीहा दुर्बल झाल्याने साधा वाटणारा ज्वरही घातक ठरतो. त्यास त्वरित रुग्णालयात धाडावे. हायड्रॉक्सियुरिया चालू असल्यास आपल्या औषधासाठी ते बंद करवू नये.

त्या मुलाच्या आजीने सारा दोष सुनेच्या माथी मारला होता. येथे मातृज की पितृज हा वाद उरत नाही : दोष दोघांकडून आल्याशिवाय हा व्याधी होत नाही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत रुग्ण अपत्याची शक्यता चारात एक असते. एक मूल रुग्ण झाले म्हणून पुढील तिघे सुरक्षित, हा समज आम्ही वारंवार ऐकला आहे. तो चुकीचा आहे.

सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ प्राथमिक. वाहक कोण व रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच कळते. १ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. भिल्ल, पावरा रुग्णांच्या सांधेदुखीत ही तपासणी आम्ही आता प्रथम सुचवतो.

त्या मुलाचे आईवडील दोघेही वाहक निघाले. धाकटी बहीण वाहक आहे, रुग्ण नाही. पुढे तिच्या विवाहापूर्वी वराचीही तपासणी करावी, असे वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी तिचा अहवाल शिधापत्रिकेच्या पिशवीत जपून ठेवला.