आर्णीचा सातबारा आणि माहितीचे जोडमार्ग

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्याच्या शेतकऱ्यास पीककर्जासाठी सातबारा हवा असला, तर पूर्वी दप्तर उघडले जाण्याची वाट पाहावी लागे. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला आणि अरुणावतीकाठच्या या गावातही तो संगणकावरून मिळू लागला. दप्तराची जागा आता दूरच्या माहिती केंद्रातील साठवण यंत्रांनी घेतली आहे. तेथील मार्ग खंडित झाला, की खेड्यातील काम अडते. म्हणून या मार्गाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

माहिती केंद्रात संगणक व साठवण यंत्रे यांना जोडणारी 'स्विच' नावाची उपकरणे असतात. दोन स्विचमधील एक तार अपुरी पडते, तेव्हा अनेक तारा मिळून एकच मार्ग मानला जातो. यालाच 'ट्रंकिंग' म्हणतात. हा शब्द दूरध्वनी क्षेत्रातला आहे. ट्रंक कॉलच्या काळात दोन गावांमधील तारा सर्व ग्राहकांना सामाईक असत. डेन्मार्कचे गणिती एर्लांग यांनी १९०९ पासून दूरध्वनी वाहतुकीचे गणित मांडले. तारा वेगवेगळ्या वाटून देण्यापेक्षा सामाईक ठेवल्यास तेवढ्याच तारांवर अधिक काम होते, हे त्यातून स्पष्ट होते.

मात्र भाराची वाटणी नियमानेच व्हावी लागते. माहिती लहान लहान तुकड्यांनी जाते आणि ते तुकडे क्रमाने पोहोचणे आवश्यक असते. यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत पाठविणारा, घेणारा आणि व्यवहाराचा क्रमांक पाहून तार निश्चित होते. तो व्यवहार संपेपर्यंत तार बदलत नाही. त्यामुळे एका व्यवहारास एकाच तारेचा वेग मिळतो. दुसरीत प्रत्येक तुकडा मोकळ्या तारेवर जातो. पण त्यासाठी तारांची लांबी जवळजवळ सारखी असावी लागते.

खरी कसोटी बिघाडाच्या वेळी लागते. प्रत्येकी ३२ गिगाबिट वेगाच्या ४ तारांची एकत्रित क्षमता १२८ गिगाबिट होते. एक तार निकामी झाल्यास ९६ उरतात. नित्याचा भार ११० असेल, तर मार्ग सुरू राहूनही काम रेंगाळते. दोनच तारा असतील, तर एकूण भार एका तारेच्या क्षमतेहून कमी असला पाहिजे. प्रत्येक तार ७० टक्के भरलेली असेल, तर उरलेल्या एकीवर १४० टक्के भार येईल आणि ती तो वाहू शकणार नाही.

दुसरी दक्षता मार्गाच्या वेगळेपणाची. सर्व तारा एकाच स्विचमधून गेल्या, तर तो बंद पडताच सारे थांबते. हाच नियम गावापर्यंत येणाऱ्या ऑप्टिकल फायबरलाही लागू आहे. आर्णीवरून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. अशा रस्त्याकडेच्या एकाच चरात दोन्ही तारा टाकल्या, तर खोदकामाच्या एका घावाने दोन्ही तुटतील. कागदावर मार्ग दोन असले, तरी प्रत्यक्षात तो एकच ठरतो.

तेव्हा अशी व्यवस्था ताब्यात घेताना संबंधितांनी तीन गोष्टी पाहाव्यात: भाराची वाटणी कोणत्या पद्धतीने होते, एक तार गेल्यास उरलेली क्षमता पुरेशी आहे काय, आणि दोन्ही मार्ग खरोखर वेगळे आहेत काय. यासाठी कामाच्या वेळेत एक तार मुद्दाम काढून पाहावी. त्या वेळीही सातबारा विनाविलंब हाती आला, तरच व्यवस्था भरवशाची समजावी.