धापेच्या आजारावर घरून लक्ष : खर्च किती, फायदा किती?

चुलीचा धूर, विडी-सिगारेट आणि कामावरची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की जुनाट धापेचा आजार जडतो. डॉक्टरांच्या कागदावर त्याला 'सीओपीडी' म्हणतात. जन्मात विडी न ओढलेल्या, पण पऱ्हाटी जाळून स्वयंपाक केलेल्या आपल्या कितीतरी माय-माउल्यांना तो आहे. तो पूर्ण बरा होत नाही, काबूत मात्र राहतो. पण अधूनमधून उसळतो. तेव्हा उशीर झाला, तर सोयगावहून अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोडमार्गे संभाजीनगरची 'घाटी' गाठेपर्यंत जिवावर बेतते.

ही उसळी लवकर कळावी म्हणून घरी ऑक्सिजन आणि नाडी मोजून आकडे फोनवरून दवाखान्याला कळवायची पद्धत आली आहे. तिच्यासाठी कर्ज काढावे का?

चाचणी काय सांगते?

स्कॉटलंडमध्ये अशा २५६ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. निम्म्यांच्या घरी यंत्रे दिली, निम्म्यांना दिली नाहीत. आजार सांभाळायचे शिक्षण आणि उपचार दोघांना सारखेच. २०१३ साली निष्कर्ष आला : यंत्रामुळे दवाखान्यात भरती होणे लांबले नाही. म्हणजे फरक पडतो तो औषध, शिक्षण आणि वेळेवर हलणारा माणूस यांनी. नुसत्या आकड्याने नाही.

पैसा आधी कुठे घालावा?

१. डॉक्टरांनी दिलेला पंप. सरकारी दवाखान्यात आधी विचारा. पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. तो ओढायची रीत मात्र नर्सकडून शिकून घ्या.
२. गॅसचा सिलिंडर. चुलीचा धूर चालू असेल तर औषध कमी पडते.
३. विडी बंद. यात पैसे जात नाहीत, वाचतात.
४. मग बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. चार घरांत मिळून किंवा विहारात एक ठेवले तरी चालते.

फोनवर डॉक्टर हवा असेल तर सरकारची 'ई-संजीवनी' सेवा मोफत आहे. आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा.

आकडा कसा वाचावा?

या रुग्णाचा आकडा चांगल्या दिवशीही ९०-९२ असू शकतो. शेजाऱ्याच्या ९८ शी तुलना नको. आपला नेहमीचा आकडा किती आणि किती खाली आला की निघायचे, हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या. बोटाला मेंदी, नेलपॉलिश नको. हात गार असतील तर चोळून गरम करा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. अमेरिकेतल्या २०२० सालच्या अभ्यासात ते स्पष्ट दिसले. आकडा चांगला, पण माणूस धापतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

वहीत रोज चार गोष्टी लिहा : आकडा, धाप, खोकला, बेडक्याचा रंग. धाप वाढली, बेडका जास्त किंवा हिरवा-पिवळा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना.

१०८ ला फोन केव्हा?

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत जातो किंवा असंबद्ध बोलतो, तेव्हा आकड्याची वाट पाहू नका. घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर त्याचा काटा आपल्या मनाने वाढवू नका. या आजारात जादा ऑक्सिजनही घातक ठरतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही घरातल्या शाळकरी मुलीने-मुलाने लिहावी. त्याला लागते दहा रुपयांची वही आणि रोजची पाच मिनिटे.