बालकांतील आळशी डोळा : वेळ दवडू नये
सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग वर्णिले आहेत. ‘आळशी डोळा’ अर्थात अँब्लिओपिया त्यांतील एखाद्या नावाशी तंतोतंत जुळतो, असे आम्हांस वाटत नाही; म्हणून प्रथम त्याची संप्राप्ती पाहू.

तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत, जन्मजात मोतीबिंदू वा झुकलेली पापणी यांमुळे एका डोळ्याकडून मेंदूस सदोष प्रतिमा मिळते. मेंदू तिची उपेक्षा करतो व त्या डोळ्याची दृष्टी विकसित होत नाही. दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्याने बालक तक्रार करीत नाही.

निदानपरिवर्जन हेच येथे चिकित्सासूत्र होय. प्रथम योग्य चष्मा, आवश्यक तेथे शस्त्रक्रिया. तदनंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम स्वरूपाच्या विकारात दररोज 2 तासांची पट्टी बहुधा पुरते. सुमारे 7 वर्षांपर्यंत फळ उत्तम. पुढेही सुधारणा संभवते.

त्रिफळा घृत वा तर्पण हे चष्मा व पट्टीचे पर्याय नव्हेत. त्यांच्या भरवशावर गेलेले महिने बालकास परत मिळत नाहीत. औषधालयात ‘नंबर घालविणारे’ थेंब मागणाऱ्या पालकांस आधी नेत्रतपासणीस धाडावे.

चिकित्सालयात प्रत्येक बालकाचा एकेक डोळा झाकून पाहावा. एकच विशिष्ट डोळा झाकताच ते रडू लागल्यास दुसऱ्याविषयी शंका घ्यावी. अशा बालकास नेत्रतज्ज्ञांकडे वा आपल्या नगरातील घाटी रुग्णालयाच्या नेत्रविभागात पाठवावे. बाहुली पांढरी दिसल्यास त्याच दिवशी पाठवावे.