पिच्चर रात्रीचा, रस्ता उसाचा

तीर्थपुरीहून पिच्चरला जायचं म्हणजे जालना. अंबडमार्गे पन्नासावर किलोमीटर, मोटारसायकलवर दीड तास तरी धरा. तरीही असे बेत पानटपरीवर ऐनवेळीच ठरतात, आणि ठरावेत. आठवडाभर विचार करून पिच्चर कोण बघतं? फक्त निघायचं भले ऐनवेळी ठरवा, परतायचं कधी आणि कसं, हे गाडीला किक मारण्याआधी ठरलेलं असू द्या.

'छावा' 14 फेब्रुवारी 2025 ला लागला आणि थिएटरांवर झुंबड उडाली. संध्याकाळी दोस्त गाडी घेऊनच दारात आला. "येतो का? आत्ताच्या आत्ता." निघालो. जालन्यात पोचलो तर संध्याकाळचा शो फुल्ल, रात्रीच्याची तिकिटं होती. पिच्चर 2 तास 41 मिनिटांचा, वर जाहिराती आणि मध्यंतर. सुटायला मध्यरात्र उलटणार, हा हिशेब बोटांवर होता. पण तिकीट खिडकीवर माणसाची बोटं नोटा मोजण्यात गुंतलेली असतात.

त्यात हा पिच्चर असला, की बघून बाहेर पडलेला माणूस ताळ्यावर नसतो. संभाजीराजांचे शेवटचे हाल बघताना अख्खं थिएटर रडत होतं; बाहेर आल्यावर घोषणा सुरू झाल्या. डोळे ओले, रक्त तापलेलं आणि मूठ ॲक्सिलेटरवर. अशा वेळी दहा मिनिटं चहाच्या गाड्यावर थांबावं, गप्पा माराव्यात, मग निघावं. आम्ही थेट निघालो.

आमच्या भागातला रस्ता फेब्रुवारीत उसाचा असतो. कारखान्यांचा गाळप हंगाम चालू, रात्रभर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. ट्रॅक्टरचं पुढून टेन्शन नसतं. गाण्यांचा दणका अर्धा किलोमीटर आधी ऐकू येतो. भीती असते ती बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉलीची. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला किंवा लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. डिपरवरच्या उजेडात ट्रॉली दिसणार तीस-चाळीस मीटरवर. 'अरे, हे काय?' म्हणेपर्यंत त्यातलं निम्म्याहून जास्त अंतर संपलेलं असतं, ब्रेक लागायचा अजून बाकीच. त्यात समोरच्यानं अप्पर मारला, की काही क्षण काहीच दिसत नाही.

आमच्याबाबत अगदी हेच झालं. दोस्तानं गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून ट्रॉलीत घुसलो नाही, चारीत पडलो. माझी कोपरं सोलली, त्याचं मनगट मोडलं. हेल्मेट त्याच्याकडं होतं, माझ्याकडं नाही. मागं बसणाऱ्याला ते लागत नाही असा आपल्याकडं समज आहे, कायदा दोघांनाही सांगतो. ट्रॉलीजवळ झोपलेले ऊसतोड कामगार धावत आले, त्यांनीच आम्हाला वर काढलं. 108 ला फोन लागला, पण पलीकडून विचारलं, "नेमके कुठं आहात?" आणि आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. शेवटी गावाचं नाव त्या कामगारांनीच सांगितलं.

म्हणून मागं बसणाऱ्यानं मोबाइल खिशात ठेवून पाट्या वाचत यावं. कोणतं गाव मागं पडलं, कोणता फाटा आला, हे त्याचं काम. फोनला चार्जिंग थिएटरात शिरतानाच बघून ठेवावं. हंगामाच्या दिवसांत दुपारचा शो गाठावा. नाहीच मिळाला, तर जालन्यात कुणी ना कुणी मावशी, आत्या, मेव्हणा निघतोच. आधी फोन करून ठेवला तर गादी तयार मिळते. रात्री एकला दार वाजवलं तर बोलणी मिळतात, पण तीही चालतील. निघायचंच असेल, तर वेग चाळिसाच्या आत ठेवा.

आणखी एक, हे ट्रॅक्टरवाल्या भावांसाठी. ट्रॉली बंद पडली की तुम्ही मागं दगड मांडता, चांगलंच करता. पण टायर बदलून निघताना ते उचलून कडेला टाका. ट्रॉली कारखान्यावर पोचते, दगड रस्त्याच्या मधोमध तसेच राहतात, आणि पहाटे दूध घेऊन निघालेला एखादा त्यावर आपटतो.