मृत्युपत्र आणि विधवेचा निर्वाह

उरण-पनवेल भागातील चिरनेरसारख्या गावी जमिनीचे मोल पूर्वी भाताच्या उत्पन्नावरून ठरत असे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, नवी मुंबई वाढत गेली आणि ते मोल पालटले. अशा वेळी पतीच्या मृत्युपत्रात पत्नीचे नाव नसेल, तर तिचा आधारच जातो. ‘कागद झाला, आता इलाज नाही’ असे समजून ती गप्प बसते. हा समज चुकीचा आहे. हिंदू कुटुंबांना लागू असलेले नियम पुढे दिले आहेत.

१. मृत्युपत्राची मर्यादा

हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मनुष्य आपली स्वकष्टार्जित मिळकत व एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतो. दुसऱ्याचा हिस्सा देऊ शकत नाही. सांगलीच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका विधवेच्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दिला. पती, पत्नी, दोन मुलगे व तीन मुली असे ते कुटुंब होते. मिळकतीचे २४ भाग कल्पिले, तर पती, पत्नी व दोन मुलगे यांना वाटणीत प्रत्येकी ६ भाग येतात. पतीचे ६ भाग सहा वारसांत वाटल्यावर पत्नीस आणखी १ मिळतो. म्हणून तिला ७ भाग मिळाले. येथे मृत्युपत्र असते, तरी ते पतीच्या ६ भागांपुरतेच चालले असते. आज मुलींनाही जन्मतः हक्क असल्यामुळे आकडे बदलतील. तत्त्व तेच राहील.

२. मृत्युपत्र खरे आहे काय?

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. पत्नीस काही दिले नाही, एवढ्यानेच ते रद्द होत नाही. परंतु तिचा उल्लेखच नसणे व कारणही न देणे ही संशयास्पद बाब ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते.

३. पोटगीचा हक्क

मृत्युपत्र खरे ठरले तरी मार्ग उरतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २२ प्रमाणे मयताच्या मिळकतीत काहीच वाटा न मिळालेली विधवा, पुनर्विवाह करीपर्यंत, ती मिळकत घेणाऱ्यांकडून पोटगी मागू शकते. रक्कम ठरविताना मिळकतीचे मूल्य, तिच्या गरजा व तिचे स्वतःचे उत्पन्न विचारात घेतात. परिस्थिती बदलल्यास रक्कमही बदलता येते.

मात्र ही पोटगी आपोआप जमिनीवर बोजा होत नाही. हुकूमनाम्यात किंवा लेखी करारात तसा बोजा निर्माण करून घ्यावा. जमीन विकली गेल्यानंतर वसुली कठीण होते.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

(अ) मृत्युपत्रावरून फेरफाराची नोटीस आल्यास दिलेल्या मुदतीत, सामान्यतः १५ दिवसांत, तलाठ्याकडे (ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) लेखी हरकत देण्यास सांगावे व पोच घ्यावी. फेरफार नोंदीने मालकी ठरत नाही. ती दिवाणी न्यायालय ठरविते.

(आ) सातबारा, जुने फेरफार, मृत्यूचा दाखला व विवाहाचा पुरावा जमवावा.

(इ) स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता वकिलाची मोफत मदत मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

शेतात जन्मभर राबलेल्या स्त्रीस ही माहिती वेळेवर मिळणे, हेच तिचे पहिले साहाय्य होय.